आधी त्याच्या आजीकडे जाऊन या

युगांडातून एका मराठी भगिनीचं पत्र आलं आहे. मूळच्या त्या नगर जिल्ह्यातल्या, मराठी ख्रिस्ती. पती पाळक, स्वतः परिचारिका. कंपालाहून मसाकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात दोघं तीन वर्षांपासून सेवा करतात. नऊ वर्षांची एक मुलगी आहे. चर्चच्या आवारातच बालगृह आहे, आणि तिथल्या साडेतीन वर्षांच्या एका मुलाने या कुटुंबाला लळा लावला आहे. या बाईंना तो मम्मी म्हणतो. त्याची आई बाळंतपणात गेली. वडील कंपालाला बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवायला गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. आजी आहे, विधवा आहे, पदरात आणखी चार नातवंडं आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी ती मटोकेच्या केळ्यांचा घड घेऊन चालत येते आणि नातवाला भेटून जाते.

पतीचं म्हणणं, देवानेच हे मूल आपल्या दारात आणलं, आता मागे हटायचं नाही. बालगृहाचे व्यवस्थापक म्हणतात, आजीचा अंगठा घेऊ, वकील ओळखीचा आहे, काही आठवड्यांत पालकत्वाचा आदेश मिळेल, मग भारतात जाऊन सावकाश रीतसर दत्तक घ्या. मिशनने दिलेल्या मुदतीचे चौदा महिने उरले आहेत. संगमनेरहून सासूबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, काळं पोर घरात आणायचं नाही. पत्रात त्या पुढे लिहितात : माझी स्वतःची पणजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, तिथूनच आमचं घराणं उभं राहिलं. अनाथांची काळजी घ्या असं वचनही आहे. मग मन का खातं? आमचा विश्वास कमी पडतोय का?

ताई,

विश्वास कमी पडल्यामुळे तुमचं मन खात असावं असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात आजीविषयी दोनच ओळी आहेत, पण त्या नसत्या तरी तुमचा प्रश्न मला कळला असता. तरीही तुम्ही त्या लिहिल्यात. ती चालत येते हे लिहिलंत, रिकाम्या हाताने येत नाही हे लिहिलंत. व्यवस्थापकांच्या हिशेबात ती एका अंगठ्याएवढीच उरली आहे. तुमच्या मनात मात्र ती पुरी बाई म्हणून उभी आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. ती अडचण बाजूला सारू नका. तिच्यापासूनच सुरुवात करा.

हा मुलगा बालगृहात का आला? तुम्ही परिचारिका आहात. आई गेलेलं तान्हं मूल जगवायचं तर दुधाची पावडर लागते, उकळलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि रात्रभर जागणारं माणूस लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आजीकडे जागणारं माणूस होतं. पावडर नव्हती. म्हणून तिने मूल बालगृहात ठेवलं. माझा हा अंदाज आहे, पण अशा मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. 'सेव्ह द चिल्ड्रेन'ने २००९ मध्ये जगभरच्या बालगृहांचा आढावा घेतला होता, त्यात म्हटलं होतं की तिथल्या दर पाच मुलांमागे निदान चौघांचे आई किंवा वडील, कुणी तरी एक, हयात असतात. मुलं तिथे येतात ती गरिबीमुळे, आजारपणामुळे, शाळेच्या फीमुळे.

आता तुमच्याकडचा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला. त्याला पावडरचं दूध लागत नाही; मटोके, मक्याच्या पिठाचा पोशो, शेंगदाण्याची आमटी तो खातोच आहे. मग तो अजून बालगृहात का? त्याला आजीकडे परत पाठवायला काय लागेल, हे कुणी तिला विचारलं आहे का? तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. व्यवस्थापकांनी विचारलं नसेल, पतींनी विचारलं नसेल, आणि बालगृहाला मुलांच्या संख्येवर देणग्या मिळत असतील तर कुणी विचारणारही नाही. तुम्ही विचारा.

तुम्ही ज्या वचनाचा आधार घेता ते याकोबाच्या पत्रातलं आहे. त्यात अनाथांबरोबर विधवाही आहेत, दोघं एकाच दमात आले आहेत, आणि सांगितलं आहे ते त्यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यायला. त्या वचनातली विधवा तुमच्याच आवारात केळ्यांचा घड घेऊन येते. दोघांपैकी एकाला उचलून हजारो मैल दूर न्यायचं आणि दुसरीला मागे सोडायचं, एवढंच त्या वचनातून निघतं असं मला दिसत नाही. दत्तकाचं बोलणं निघालं की चर्चमध्ये मोशेची गोष्ट हमखास सांगितली जाते. त्या गोष्टीतही आई जिवंत होती. बहीण नदीकाठी लपून पाहत होती, बाळाला दूध पाजायला सख्खी आईच आली, आणि मोठा झाल्यावर आपली माणसं कोण हे मोशेला ठाऊक होतं. देवाने मूल दारात आणलं असं तुमचे पती म्हणतात, त्यावर मी वाद घालणार नाही. मूल दारात आलं ते आजीसकट आलं, एवढं मात्र त्यांनीही मान्य करावं.

तेव्हा तिच्या घरी जाऊन या. तिला चर्चच्या ऑफिसात बोलावू नका. व्यवस्थापकांना बरोबर नेऊ नका आणि दुभाषा म्हणून मिशनच्या पगारावरचा माणूसही नको. दुसऱ्या गावातली, चांगली लुगांडा बोलणारी, वयाने जाणती एखादी बाई शोधा. तिकडे पाहुणा घरी जाताना नेतो तेवढंच न्या : साखर, साबण, पाव. त्याहून जड काही नेलंत तर तो सौदा वाटेल. बुगांडात, म्हणजे तुम्ही राहता त्या भागात, बायका पाहुण्यांना मान देताना गुडघे टेकतात हे तुम्ही तीन वर्षं पाहत आला आहात. आजीही बहुधा तुमच्यासमोर गुडघे टेकून बोलेल. समोर दवाखान्याची सिस्टर, तिचा नवरा पाळक, नातवाचं जेवणखाण त्यांच्याच मिशनकडून येतं. अशा वेळी त्या बाईच्या तोंडून 'नाही' निघणं किती अवघड आहे, याचा विचार करूनच तिच्या 'हो'ची किंमत ठरवा. एका भेटीत मिळालेला होकार मी तरी होकार धरणार नाही.

पहिल्या भेटीत दत्तकाचा विषयच काढू नका. नातवाचं पुढे काय व्हावं असं तुम्हाला वाटतं, एवढं विचारा आणि ऐका. तो घरी यायचा असेल तर काय कमी पडतं, ते विचारा. ती म्हणेल गादी नाही, किंवा शाळेची फी, किंवा माझे गुडघे दुखतात. यातल्या प्रत्येक गोष्टीवर मूल परदेशी नेण्याहून सोपे उपाय आहेत. ती असंही म्हणेल की मी थकले, माझ्यामागे याचं कोण. तेव्हा वडिलांच्या बाजूचं कोण आहे, हा पुढचा प्रश्न.

हा प्रश्न तिथल्या बगांडा समाजात फार मोठा आहे. मूल वडिलांच्या कुळाचं असतं. प्रत्येक कुळाचं एक चिन्ह असतं, आपल्याकडच्या देवकासारखं. कुणाचं सिंह, कुणाचं माकड, कुणाचा मासा. आपल्या चिन्हाचा प्राणी खायचा नाही, आपल्या कुळात लग्न करायचं नाही. मुलाचं नावही कुळाच्या ठरलेल्या नावांतून येतं, त्यामुळे नुसतं नाव ऐकून माणूस कुठला ते ओळखता येतं. वडील कंपालाला हरवले असतील, पण त्यांचं कूळ हरवलेलं नाही. काका, आत्या, कुळातले वडीलधारे कुणी तरी असणार. त्यांना न शोधता, न विचारता नेलेलं मूल हे त्यांच्या दृष्टीने पळवलेलं मूल ठरेल, तुमच्याकडे कागद कितीही पक्के असोत. आणि कायदाही हयात वडिलांची संमती विचारतो. 'फिरकले नाहीत' एवढ्यावर कोर्ट थांबत नाही, थांबूही नये.

दत्तकाचं बोलायची वेळ आलीच, तर आडपडदा ठेवू नका. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी मूल बऱ्या परिस्थितीतल्या नातेवाइकाकडे वाढवायला पाठवतात. ते शिकतं, मोठं होतं आणि आपल्या माणसांत परत येतं. 'हे लोक याला शिकवतील' असं ऐकल्यावर आजीच्या डोळ्यांपुढे तेच चित्र उभं राहणार. मलावीतलं उदाहरण जगाला माहीत आहे. गायिका मॅडोनाने २००६ मध्ये तिथल्या बालगृहातून एक मुलगा नेला. त्याचे वडील हयात होते, आणि मूल कायमचं जाणार हे आपल्याला नीट समजलं नव्हतं असं त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. तेव्हा आजीला साध्या शब्दांत सांगा : कायद्याने हा तुमचा नातू राहणार नाही, तो भारतात जाईल, तुमच्या हयातीत परत दिसेलच असं नाही. हे वाक्य तिच्या डोळ्यांत बघून तुम्हाला म्हणता येईल का? येत नसेल, तर तुमचं मन कशासाठी खातं आहे ते तुम्हाला कळलं असेल.

आता व्यवस्थापकांच्या सोप्या वाटेविषयी. ताई, ती वाट धरू नका. एके काळी ती चालत होती हे खरं. युगांडाच्या कायद्यात परदेशी माणसाने दत्तक घ्यायचं तर तीन वर्षं देशात राहून मुलाचा सांभाळ करावा लागे. तेवढं कुणाला थांबायचं नसे, म्हणून कोर्टाकडून पालकत्वाचा आदेश घ्यायचा आणि मूल बाहेर नेऊन तिकडे दत्तक करायचं, असा प्रकार सर्रास होत होता. २०१६ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. पालकत्व आता युगांडाच्या नागरिकांपुरतंच आहे. पळवाटेत काय काय चालत होतं हे ऑगस्ट २०२० मध्ये जगापुढे आलं. अमेरिकेच्या वित्त खात्याने दत्तकाच्या गैरव्यवहारासाठी युगांडाचे दोन न्यायाधीश, एक वकील आणि तिचा साथीदार यांच्यावर निर्बंध लादले. दूरच्या खेड्यांतल्या आईबापांना, मुलांना कंपालाला चांगल्या शिक्षणासाठी नेतो असं सांगितलं जाई, आणि तीच मुलं अनाथ म्हणून कोर्टापुढे उभी राहत. ज्यांनी ती मुलं घेतली त्या कुटुंबांतली कित्येक देवाच्या नावाने, निर्मळ मनाने आली होती. त्यांनीही कुठल्या तरी ओळखीच्या वकिलावरच भरवसा ठेवला होता.

हैतीचा प्रसंगही मिशनच्या लोकांनी विसरू नये. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळींचा दहा जणांचा गट तेहतीस मुलांना बसमधून सीमेपार डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडला गेला. परवानगी नव्हती, आणि त्या मुलांचे आईबाप, नातेवाईक मागे होते. त्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण हेतू चांगला असला की चौकशीची गरज उरत नाही, असं सेवेतल्या माणसांना फार सहज वाटतं, आणि ते मला भीतीचं वाटतं.

रीतसर वाट काय आहे ते सांगते. युगांडात परदेशी दत्तकाचा अर्ज हायकोर्टात करावा लागतो. निदान एक वर्ष देशात वास्तव्य हवं, ते तुमचं झालं आहे. निदान एक वर्ष मुलाला प्रोबेशन आणि समाजकल्याण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी सांभाळलेलं असावं लागतं. ते अजून सुरूच झालेलं नाही, कारण आवारात येऊन-जाऊन असणं हे सांभाळण्यात मोजत नाहीत. तुमच्यावर गुन्ह्याची नोंद नसावी. तुमच्या देशाच्या सक्षम यंत्रणेने तुमच्याविषयी शिफारस द्यावी लागते, आणि तुमचा देश हे दत्तक मानेल अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. या सगळ्याच्या वर कायदाच म्हणतो की परदेशी दत्तक हा शेवटचा पर्याय. आधी मुलाचं स्वतःचं कुटुंब, मग नातेवाईक, मग देशातलं दुसरं घर. संमतीच्या बदल्यात पैसा द्यायचा-घ्यायचा नाही. जिल्ह्याचा प्रोबेशन अधिकारी हा तुमचा पहिला दरवाजा आहे. त्याच्याकडे जाताना, मूल आम्हाला हवं आहे असं सांगत जाऊ नका. या मुलाच्या नातेवाइकांचा शोध घ्या, आम्ही खर्चाला मदत करू, असा लेखी अर्ज द्या. प्रवासखर्च, फोन, जाहिरात यांचे पैसे बालगृहाच्या किंवा मिशनच्या खात्यातून, पावतीने. कुणाच्या हातात नोटा ठेवायच्या नाहीत.

भारताच्या बाजूला तुमचे व्यवस्थापक समजतात तसं काही नाही. पालकत्वाचा कागद घेऊन मूल आणायचं आणि इथे दत्तक करायचं, ही सोय नाही. आपला बालन्याय कायदा इथल्या बालकल्याण समितीने दत्तकासाठी मोकळ्या ठरवलेल्या मुलांचा विचार करतो. भारतीय नागरिकांनी परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं तर आधी त्या देशाच्या कायद्याने तिथे सगळं पुरं व्हावं लागतं. मग परदेशी पासपोर्टवरच्या मुलाच्या व्हिसासाठी तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे अर्ज, आणि गृह मंत्रालयाची मंजुरी. देशादेशांतल्या दत्तकासाठी झालेल्या १९९३ च्या हेग करारात युगांडा नाही; भारत २००३ पासून आहे. त्यामुळे करारातल्या दोन देशांमध्ये जी आपोआप मान्यता मिळते ती इथे गृहीत धरता येत नाही. नागरिकत्वही आपोआप मिळत नाही. भारतीय आईबापांच्या अल्पवयीन मुलाची नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली नोंदणी करून घ्यावी लागते, आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून त्याला युगांडाचं सोडावं लागेल. आजीच्या घरी जायला पुढे त्यालाच व्हिसा लागेल. दिल्लीच्या 'कारा'ला, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाला, आणि कंपालातल्या उच्चायुक्तालयाला आत्ताच लेखी विचारा : शिफारस कोण देईल, गृहभेटीचा अहवाल कोण करील, कोर्टाचा आदेश मानला जाईल का. उत्तरं लेखी येऊ द्या. हायकोर्टात तीच लागणार आहेत.

ख्रिस्ती म्हणून दत्तक घेताच येत नाही असं गावाकडे कुणी सांगेल. जुन्या पिढीचा तसा अनुभव होता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. ख्रिस्ती जोडप्यांच्या हाती १८९० च्या कायद्याखालचं पालकत्वच येई. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो यांनी एका ख्रिस्ती जोडप्याच्या प्रकरणात घर आणि आईबाप मिळणं हा मुलाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालन्याय कायद्याखालचं दत्तक सर्व धर्मांच्या लोकांना खुलं असल्याचं स्पष्ट केलं. धर्माची अडचण आता नाही. तरीही दत्तक झालंच, तर दोघांनी मृत्युपत्र करून मुलाचं नाव स्पष्ट लिहा. परदेशी कोर्टाच्या आदेशावर शेतीच्या सातबाऱ्याचा वाद सुटेल या भरवशावर राहू नका.

तुमच्या पणजीविषयी मी बराच वेळ विचार केला. तुमचा मुद्दा खरा आहे. त्या अनाथाश्रमाने तिला जगवलं, शिकवलं, आणि तिच्यामागून तुम्ही आज परिचारिका म्हणून परक्या देशात सेवा करता आहात. नगर, राहुरी, संगमनेरकडच्या कितीतरी घराण्यांची वंशावळ अशीच एखाद्या मिशनच्या रजिस्टरमधल्या ओळीपाशी सुरू होते, आणि ती मानानेच सांगावी. पण १९०० साली त्यांतल्या कित्येक पोरांच्या मागे कुणी उरलंच नव्हतं. घरंच्या घरं भुकेने आणि पटकीने रिकामी झाली होती. तुमच्या मुलाची आजी चालत येण्याच्या अंतरावर आहे. आणि एक विचारते : पणजीचं गाव कोणतं होतं, आईबापाचं नाव काय होतं, हे तुमच्या घरात कुणाला सांगता येतं का? येत नसेल, तर ती उणीव तुम्हाला कधी जाणवली असेलच. या मुलाच्या बाबतीत ती टाळणं तुमच्या हातात आहे. तो तुमच्याकडे येवो वा आजीकडे जावो, आत्तापासून एक वही करा. आईचं नाव, तिचं गाव, तिला कुठे पुरलं, वडिलांचं नाव, कूळ आणि त्याचं चिन्ह, आजीचा फोटो, आजीने सांगितलेली त्याच्या जन्माची हकिगत, तिच्याच भाषेत, शक्य असेल तर तिच्याच आवाजात. त्याचं नाव बदलू नका. बाप्तिस्म्याचं नाव जोडायचं तर जोडा, कुळाचं नाव काढू नका.

अशीच दुसरी गोष्ट म्हणजे मिशनची प्रार्थना-पत्रकं. त्यात या मुलाचा फोटो आणि 'देवाने दिलेलं बाळ' असा मजकूर गेला असेल, तर तो थांबवा. मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तो फोटो कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि लोकांनी प्रार्थना करून, देणगी पाठवून झाली की तुम्हाला माघार घेणं जड जाईल. निर्णयावर असं ओझं नको.

तो तुम्हाला मम्मी म्हणतो. ऐकून काळीज हलतं, हे मी समजू शकते. पण बालगृहातली लहान मुलं माया करणाऱ्या मोठ्या माणसाला चटकन बिलगतात. पाळीवर बदलणाऱ्या माणसांत वाढल्यामुळे ती तशी शिकतात. त्याच्या त्या हाकेत तुमच्यावरचं प्रेम आहेच, शिवाय कुणी तरी कायमचं असावं ही भूकही आहे. ती भूक तुम्हीच भागवायला हवी असं त्यातून ठरत नाही. प्रोबेशन अधिकाऱ्याचं आणि आजीचं मत स्पष्ट होईपर्यंत 'आम्ही तुला घरी नेणार' असं त्याला चुकूनही बोलू नका, आणि तुमच्या लेकीलाही बोलू देऊ नका. नऊ वर्षांची मुलगी भाऊ मिळणार म्हणून मनाने कधीच पुढे गेलेली असते. तिला खरं तेवढं सांगा : त्याची आजी आहे, आपण आधी तिला विचारतो आहोत.

सासूबाईंचं बोलणं लागलं, लागणारच. त्यांच्याशी तुम्ही भांडू नका. तुमचे पती त्यांचा मुलगा आहेत, बोलू दे त्यांनाच. नगरच्या निजामशाहीचा कारभार ज्याने वर्षानुवर्षं पेलला तो मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जाऊन आलेला होता, हे त्यांना कुणी सांगितलं तर बरं होईल. पण त्यांच्या एका वाक्यावर थांबू नका. पुण्यात आफ्रिकन विद्यार्थ्यांना भाड्याचं घर शोधताना काय ऐकावं लागतं ते पाहा. संगमनेरच्या बसस्टँडवर, शाळेच्या व्हरांड्यात, लग्नाच्या मांडवात तुमच्या मुलाकडे लोक वळून वळून बघतील, केसांना हात लावतील, आणि पंधराव्या वर्षी तो तुम्हाला जाब विचारेल. तुम्ही त्या गावात एकटं काळं मूल वाढवू शकाल का, की एखाद्या मोठ्या शहरात, त्याच्यासारखी आणखी माणसं असतील अशा ठिकाणी राहायला तयार आहात? हा प्रश्न प्रेमाचा नाही, पत्त्याचा आहे, आणि तो पतीपत्नींनी आत्ताच सोडवायला हवा. त्याच्या केसांना रोज ओलावा आणि तेल लागतं, आपल्या कंगव्याने ते तुटतात, हे बारीकसारीकही तिथल्या बायकांकडून शिकून घ्यावं लागेल. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली नसेल तर ती मात्र लगेच करून घ्या, तो कुणाकडेही वाढला तरी.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. आखातात, केनियात, इथिओपियात नोकरी-सेवेनिमित्त असलेल्या मराठी कुटुंबांकडून असेच प्रश्न येतात. प्रत्येक देशाचं दार वेगळं आहे. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंदच केलं. केनियाने २०१४ मध्ये परदेशीयांसाठी ते थांबवलं. आखाती देशांत मुस्लिम कायद्यानुसार आपल्या अर्थाने दत्तक नसतं, सांभाळण्याची व्यवस्था असते. म्हणून मूल बघण्याआधी कायदा बघा. आधी मूल बघितलं की माणूस कायद्यातल्या फटी शोधायला लागतो.

राहिले तुमचे चौदा महिने. आजीशी बोलणं, वडिलांच्या कुळाचा शोध, यात चार-सहा महिने सहज जातील. त्यानंतर देखरेखीखालचं एक वर्ष, मग हायकोर्ट, मग भारताचा व्हिसा. हे गणित चौदा महिन्यांत बसत नाही, ओढूनताणूनही नाही. म्हणून मिशनच्या मंडळाला या महिन्यातच लिहा आणि सरळ विचारा : गरज पडली तर आम्हाला आणखी दोन वर्षं इथे राहू द्याल का, की आमच्यापैकी एकाला तरी? पतींनीही हे पत्र लिहिताना स्वतःला विचारावं की मुलासाठी थांबायची त्यांची तयारी आहे, की फक्त त्याला घेऊन जायची. मंडळ हो म्हणालं, आजी आणि कूळ मनापासून तयार असलं, आणि अधिकाऱ्याला दुसरं घर सापडलं नाही, तर मुलाला घरी आणा, वर्ष नीट काढा आणि उजळ माथ्याने कोर्टात जा. तेव्हा मी तुमच्या बाजूने असेन. मंडळ नाही म्हणालं, तर त्याला घरी आणू नका. दहा महिने आई होऊन अकराव्या महिन्यात विमानात बसणं त्याच्यासाठी फार वाईट. त्याऐवजी आजीच्या घरातली गादी, शाळेची फी, गुडघ्यांचं औषध आणि तिच्याकडे अधूनमधून जाऊन येणारा एक भरवशाचा माणूस, एवढी व्यवस्था प्रोबेशन अधिकाऱ्याबरोबर बसून लावा. फीचे पैसे संगमनेरहूनही पाठवता येतात, आणि त्या व्यवस्थेला चौदा महिने पुरेसे आहेत.